कोपराखाली चार बोटं

बाणेरच्या शोरूममध्ये स्वयंपाकघराला वास नसतो.
एक पांढरं, एक करडं, एक हिरवट.
तिथला मुलगा त्याला सेज म्हणाला,
हेमलता म्हणाली, हा तर शेवग्याच्या पाल्याचा.
खणाला धक्का दिला की तो धावत सुटतो
आणि शेवटच्या बोटभर अंतरात,
उशिरा आलेला माणूस सभागृहात शिरताना होतो
तसा हळू होतो.
तिनं तो सात वेळा ढकलला.
मी मोजलं. मला दुसरं काम नव्हतं.

चार लाख दहा हजार, जीएसटी वेगळा.
दहा वर्षांची हमी, बिजागऱ्यांसकट.
दहा वर्षांनी मी एकाहत्तर.
आमच्या बिजागऱ्यांबद्दल तो काही बोलला नाही.

दुसरं स्वयंपाकघर मोबाइलमध्ये होतं.
अठ्ठ्याऐंशी हजार, सपाट खोक्यांतून घरपोच,
स्क्रूंची पिशवी, एक वाकडी किल्ली
आणि एक पत्रक, ज्यात शब्दच नाहीत,
नुसता एक गोल डोक्याचा माणूस
हसत हसत एकटाच कपाट उभं करतो.
वरच्या मजल्यावरच्या ढमढेऱ्यांनी हेच घेतलं होतं.
सिंकखालची फळी आता फुगली आहे,
चहात विसरलेल्या मारी बिस्किटासारखी.
"तेवढं चालतं हो," म्हणतात.
पुण्यात कुणी "तेवढं चालतं" म्हणालं
की समजावं, चाललेलं नाही.

मी वहीत दोन रकाने आखले.
डावीकडे पार्टिकल बोर्ड: भुसा, डिंक, आशा.
उजवीकडे मरीन प्लाय, सातशे दहाचा शिक्का, एफडी मोडणे.
तिनं वही पाहिली नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

मग भवानी पेठेतून भवरलाल जांगीड आला,
कानामागे पेन्सिल, शर्टावर भुसा.
नळाखाली हात घालून ओल पाहिली,
कडप्पा बोटानं वाजवला,
आणि मी भाव विचारणार तेवढ्यात म्हणाला,
"आधी भाभीला उभी करा इथं."

ती उभी राहिली. चप्पल काढून, का कोण जाणे.
"हात असा. पोळी लाटते तसा."
त्यानं तिच्या कोपराखाली चार बोटं धरली
आणि भिंतीवर रेघ मारली.
रेघ ओट्याच्या खाली गेली.
चांगली दोन इंच.

ओटा चौतीस इंची, बिल्डरनं दिला तसा.
हेमलता चार फूट दहा.
धायरीच्या या घरात एकवीस वर्षं
ओट्यापाशी एक पाट पडलेला असतो,
मी त्याला ठेचकाळतो, "हा इथं कशाला?" म्हणतो,
उचलून फ्रिजमागे सारतो.
सकाळी तो परत तिथंच.
मला वाटायचं, सवय.

तिचा उजवा खांदा आम्ही तीन डॉक्टरांना दाखवला.
ओट्याची उंची एकानंही विचारली नाही.
मी तरी कुठे विचारली?
छत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात लेव्हल घेतली.
कालव्याचा उतार मला झोपेत विचारा.
बाहेरचे सगळे पाट पाठ,
घरातला एक कळला नाही.

भवरलालचा आकडा दोन लाख ऐंशी हजार.
मी गप्प. तो गप्प. फ्रिज तेवढा बोलत होता.
हेमलता म्हणाली,
"ओटा आणि ओट्याखालचं यांच्याकडून करू.
वरची कपाटं खोक्यातली आणा.
तिथं माझा हात पोचतोय कुठे?"

रविवारी खोकी आली.
गोल डोक्याचा माणूस आणि मी, चार तास.
शेवटी एक स्क्रू उरला.
त्याच्या चित्रात उरत नाही.

ओटा फुटायला अजून महिना आहे.
तोवर भिंतीवर ती रेघ
आणि खाली पाट.
काल मी त्यावर उभा राहून पाहिलं.
एका बाजूनं डुगडुगतो.
पत्रकाची चौघडी करून
त्या पायाखाली सारली.